तुमचं दूध रात्री कुठं असतं?

संध्याकाळची धार काढली, किटली डेअरीवर नेली, दूध काट्यावर ओतलं, फॅट लागली, चिठ्ठी खिशात घातली आणि तुम्ही घरी आलात. आता दहा दिवसांनी बिल निघेल तेव्हाच त्या दुधाची आठवण होणार. मधल्या काळात दुधाचं काय होतं, ते कुणाच्या हाती असतं, याचा विचार करायला कुणाला सवड आहे? दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा धार आहेच.

पण शेतकरी बंधूंनो, तुम्ही जेवून अंथरुणाला पाठ टेकता तेव्हा तुमचं दूध रस्त्यावर असतं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे स्टीलचे टँकर रात्री नऊ-दहाच्या सुमारास शीतकरण केंद्रातून निघतात आणि उजाडायच्या आत पुणे-मुंबई गाठतात. एका टँकरात १५ हजार लिटर दूध असतं असं धरा. घरटी १० लिटर म्हटलं तर ही दीड हजार घरांची एका वेळची धार झाली. लिटरला ३० रुपये धरले तरी साडेचार लाखांचा माल. आणि हा सगळा ऐवज कुणाच्या भरवशावर? एका ड्रायव्हरच्या आणि त्याच्या क्लिनरच्या.

कराड तालुक्यातल्या एका शीतकरण केंद्रावरून नवी मुंबईपर्यंत अशाच एका टँकरमधून आम्ही एक रात्र प्रवास केला. ड्रायव्हर पंचवीस वर्षांपासून दुधाच्या गाडीवर आहेत. "नाव छापू नका, बाकी काय बी लिवा," म्हणाले. केंद्रावरची पोरं त्यांना मामा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

टँकर म्हणजे मोठा थर्मास

पहिल्याच प्रश्नाला मामा हसले. आम्ही विचारलं होतं, टाकीत दूध थंड करायचं मशीन कुठं बसवलेलं असतं?

"मशीन? मशीन न्हाई ओ. ह्यो थर्मास हाय. गार घातलं तर गार ऱ्हातं, कोमट घातलं तर कोमट. मी काय जादूगार हाय व्हय?"

ही गोष्ट गावोगावच्या दूध उत्पादकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. दुधाच्या टँकरला आत एक स्टीलची टाकी, बाहेर दुसरा पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये उष्णता अडवणारा थर असतो. चांगल्या टाकीत रात्रभराच्या प्रवासात दुधाचं तापमान एक-दोन अंशांपेक्षा जास्त वाढत नाही. पण ते कमीही होत नाही. टँकर दूध थंड करत नाही, फक्त थंड ठेवतो. म्हणजे गावात झालेली चूक टँकरमध्ये दुरुस्त होत नाही. ती झाकणाखाली बंद होऊन तशीच मुंबईला जाते.

चूक कशी होते ते पाहा. धार काढलेलं दूध जनावराच्या अंगाइतकं, ३७-३८ अंश गरम असतं. ताज्या दुधात जंतूंना रोखण्याची थोडी नैसर्गिक ताकद असते, पण ती तास-दोन तासांत ओसरते. त्यानंतर कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तरी चार तासांत एकाचे २५६ होतात. तेच दूध लवकर ४ अंशांवर नेलं तर ही वाढ जवळजवळ थांबते. म्हणून धारेनंतर दोन तासांच्या आत दूध बल्क कूलरमध्ये पडलं पाहिजे, असं दुग्धशाळेतली माणसं घसा कोरडा करून सांगतात. नंतर कितीही थंड केलं तरी आधी तयार झालेला आंबटपणा परत जात नाही.

भरताना काय पाहतात?

रात्री साडेनऊला टँकर काट्यावर लागला. भरण्याआधी मामांनी वरचं झाकण उघडून विजेरीने आतला कानाकोपरा पाहिला आणि वास घेतला. "नाकावानी मशीन न्हाई," म्हणाले. धुतलेल्या टाकीत आंबूस वास आला तर ते भरू देत नाहीत. आदल्या खेपेचं चार थेंब दूध कुठल्या कोपऱ्यात, रबराच्या वायसरखाली राहिलं, तर नव्या दुधाला तेच विरजण ठरतं.

मग पाइप जोडून पंपाने दूध भरलं. टाकीत तीन कप्पे, प्रत्येकाचं तापमान वेगळं घेतलं. नमुना काढण्याआधी दूध नीट ढवळलं, कारण साय वर येते. न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त दिसते, खालून घेतला तर कमी. मग झाकणांना आणि मागच्या व्हॉल्व्हला सील ठोकलं. चलनावर वजन, तापमान, फॅट, एसएनएफ, आम्लता, निघण्याची वेळ आणि सीलचे नंबर लिहिले गेले.

इथं एक हिशेब सांगून ठेवतो, कारण गावात यावरून नेहमी वाद होतात. तुम्ही दूध लिटरवर घालता, टँकर मात्र काट्यावर किलोत मोजला जातो. दूध पाण्यापेक्षा जड असतं. एक लिटर दूध साधारण १ किलो ३० ग्रॅम भरतं. म्हणून १५ हजार लिटरचं वजन १५ हजार ४५० किलोच्या आसपास यायला हवं. संस्थेच्या बैठकीत 'घट' आली असं सचिवाने सांगितलं तर आधी विचारा, आकडा लिटरचा की किलोचा? निम्मं भांडण तिथंच मिटेल.

गाडी थांबते, दूध थांबत नाही

साडेदहाला निघालो. उंब्रज, सातारा, पाचवड, सुरूर करत गाडी खंबाटकीला आली. मामांचा पाय ब्रेकवर फार क्वचित जात होता. लांबून अंदाज घ्यायचा, गिअर उतरवायचा, इंजिनावर गाडी धरायची. कारण विचारलं.

"दगड, वाळू, साखरंची पोती, जिथं ठेवलं तिथं बसून ऱ्हात्यात. दूध जितं असतंय. बिरेक मारला की गाडी थांबती, दूध थांबत न्हाई. ते मागनं येऊन धक्का देतंय."

टाकी गच्च भरलेली असेल तर दूध हलायला जागा नसते. अर्धी रिकामी असेल तर आत लाट उठते. ब्रेक मारला की लाट पुढे धावते आणि थांबलेल्या गाडीलाही पुढे ढकलते. वळणावर ती बाजूला चढते आणि गाडी कलंडू पाहते. कप्प्यांमुळे लाट तुटते, पण पूर्ण जात नाही. म्हणून अर्धा भरलेला टँकर भरलेल्या टँकरपेक्षा हाकायला अवघड असतो. उन्हाळ्यात दूध कमी होतं, टँकर अर्धेमुर्धे जातात, आणि ड्रायव्हरची परीक्षा नेमकी तेव्हाच असते.

खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे बाहेर पडल्यावरचं इंग्रजी 'एस' अक्षरासारखं वळण कित्येक वर्षं अपघातांसाठी बदनाम राहिलं. पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे जाणारा लांब उतार तसाच. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका अवजड मालवाहू गाडीने चाळीसच्या वर वाहनांना ठोकरलं. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कुणी इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला लागणारी हवा भरणं बंद. चार-सहा वेळा पाय दाबला की हवा संपते. तुमच्या गावातला पोरगा ट्रकवर असेल तर त्याला हे बजावून सांगा. वाचलेल्या डिझेलचे शे-दोनशे रुपये जिवाच्या मोलाचे नाहीत.

परत आलेला टँकर

लोणावळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा मामांनी स्वतःहून एक गोष्ट काढली. काही वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली. दुपारपासून वीज नव्हती, जनरेटरला डिझेल नव्हतं. रात्री टाकी भरायला घेतली तर दूध नऊ अंशांवर. मामांनी केंद्रावरच्या माणसाला सांगितलं, हे नेऊ नये. तो म्हणाला, "जावा घिऊन, रात्रीचं गार वारं लागंल." चलनावर मात्र पाच अंश लिहिलं गेलं. मामांनी सही केली.

घाटात त्या रात्री अपघात होऊन रस्ता तुंबला. तीन तास गेले. सकाळी डेअरीच्या धक्क्यावर नमुना उकळला तर दूध फाटलं. अख्खा टँकर नाकारला.

डेअरीचं तरी काय चुकलं? दुधाचं पाश्चरीकरण करताना ते ७२ अंशांपर्यंत १५ सेकंद तापवतात. आम्लता वाढलेलं दूध तिथंच मशीनमध्ये फाटतं. शिवाय असा टँकर मोठ्या टाकीत रिता केला तर आधीचं चांगलं दूधही त्याच्याबरोबर जातं. म्हणून नाकारायचं ते धक्क्यावरच.

"आता सांगा," मामा म्हणाले, "कागदावर पाच अंश. म्हंजी गाडीत निघालं तवा चांगलं हुतं, वाटंत डायवरनं नासवलं. ठेकेदारानं माझं दोन महिन्याचं पैसं कापलं. आणि गावात काय झालं? तितल्या लोकांच्या बिलातनं बी कापलं. ज्यानं पाच लिवलं, त्याचं काय गेलं न्हाई."

त्या दिवसापासून मामा स्वतःची विजेरी आणि स्वतःचा थर्मामीटर घेऊन फिरतात. तापमान जास्त दिसलं तर चलनावर खरा आकडा लिहायला लावतात, नाहीतर सही करत नाहीत. केंद्रावरच्यांना त्याचा राग येतो. पण वाचकहो, तो खरा आकडा ड्रायव्हरइतकाच तुमच्याही कामाचा आहे. खोट्या पाचाने चूक झाकली गेली, डिझेलविना पडलेला जनरेटर तसाच राहिला, आणि भुर्दंड तुम्ही भरलात.

दुधाला गारवा, ड्रायव्हरला घाम

बोरघाट उतरताना केबिनमध्ये इंजिनाची ऊब अंगाला लागत होती. पाठीमागे चार अंशांचं दूध आणि पुढे घामाघूम माणूस. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालगाड्यांची केबिन वातानुकूलित असावी, असा केंद्र सरकारचा नियम झाला. चांगलंच झालं. पण रस्त्यावरचे जुने टँकर जुनेच आहेत.

झोपेचं त्याहून अवघड. मोटार कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला, तेव्हाच त्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं गेलं होतं. पण दुधाची गाडी घड्याळावर नाही, दुधावर चालते. रात्रभर गाडी, सकाळी धक्क्यावर रांग, सील तपासणी, नमुना, रिकामं करणं, मग टाकी धुणं. आधी साधं पाणी, मग कॉस्टिक सोड्याचं गरम द्रावण, पुन्हा पाणी. ते होईपर्यंत उन्हं चढतात. दुपारी तापलेल्या केबिनमध्ये दोन-तीन तास डोळा लागला तर लागला. संध्याकाळी पुन्हा गावाकडे.

टाकीचेही धोके आहेत. वरचं झाकण किंवा हवेची वाट न उघडता दूध पंपाने ओढलं, तर बाहेरच्या हवेच्या दाबाने एवढी जाड टाकी डब्यासारखी आत चेपते. आणि धुण्यासाठी टाकीत एकट्याने उतरणं तर जिवावरचं. बंदिस्त जागेत हवा कमी, कॉस्टिकची वाफ, पायाखाली बुळबुळीत स्टील. बाहेर माणूस उभा असल्याशिवाय आणि टाकीत हवा खेळल्याशिवाय क्लिनरला आत उतरवू नये. ठेकेदार कितीही घाई करो.

आंदोलनात मधे सापडतो तो

दुधाच्या भावासाठी आपण रस्त्यावर उतरलो. १ जून २०१७ पासूनच्या शेतकरी संपात दूध रस्त्यावर ओतलं गेलं. १६ जुलै २०१८ पासून दूधबंद आंदोलन झालं, टँकर पोलिसांच्या पहाऱ्यात हलवावे लागले, आणि गाईच्या दुधाला लिटरला २५ रुपये देण्याचं ठरल्यावर ते मिटलं. मागणी रास्त होती, यात वाद नाही. पण काचा फुटल्या त्या कुणाच्या केबिनच्या? बहुतेक ड्रायव्हर तुमच्याआमच्यातलेच. मामांच्या घरी दोन म्हशी आहेत. "मी बी दूध घालतो," ते म्हणाले, "पर दगड मारणाऱ्याला ते कसं दिसावं?"

आणि २०२० च्या टाळेबंदीत, सगळं बंद असताना, हेच टँकर चालू होते. वाटेतले ढाबे बंद, चहासुद्धा नाही. घरून बांधून नेलेल्या भाकरीवर खेपा झाल्या. म्हणून त्या वर्षी तुमचं दूध गावात नासलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवी. दुधाचा टँकर उलटला की आजूबाजूचे लोक आधी बादल्या-घागरी घेऊन धावतात. आत माणूस अडकलाय हे नंतर आठवतं. असा प्रसंग तुमच्या शिवारात आला तर पहिल्यांदा १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात अडकवलं जाऊ नये, असं संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच आलं आहे. त्यामुळे 'उगाच लफडं नको' ही सबब आता चालत नाही.

गावाने काय करावं?

सकाळी सहाच्या सुमारास धक्क्यावर पोचलो. दूध साडेचार अंशांवर होतं. रसायनांची भेसळ, आम्लता, उकळण्याची चाचणी, सगळ्यातून पास झालं. मामांनी गाडीला टेकून विडी पेटवली. रात्रभरात पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आलेले दिसले.

तुमचं दूध असं सुखरूप पोचावं असं वाटत असेल तर काही कामं गावातच करता येतात.

एक : धार काढल्यावर दूध घरात ठेवू नका. रेडकू पाजलं, गोठा झाडला, मग डेअरीवर गेलो, असं करू नका. भांडं स्वच्छ हवं आणि वेळ पाळायला हवी.

दोन : संस्थेच्या पुढच्या बैठकीत जनरेटरचा विषय काढा. डिझेल शिल्लक आहे का, शेवटचा कधी चालवून पाहिला, हे विचारा. कूलरचं तापमान रोज फळ्यावर लिहायला लावा, सभासदांना दिसेल असं.

तीन : चलनावर खरं तापमान आणि खरी वेळ लिहिली जाते का ते संचालकांनी अधूनमधून समोर उभं राहून पाहावं. सील लावताना संस्थेचा माणूस हजर हवाच.

चार : सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी केंद्राकडे जाणारा रस्ता पाहावा. पावसाळ्यात टँकर चिखलात रुतला की दोन तास जातात. एक मोरी, चार गाड्या मुरूम, वळणावर एक दिवा, एवढ्याने काम होतं. केंद्राजवळ ड्रायव्हर-क्लिनरला पाणी, संडास आणि पाठ टेकायला एक खोली असावी. दीड हजार घरांचा माल नेणाऱ्या माणसाला एवढं देणं जड नाही.

पाच : टँकर तयार असताना त्याला उगाच थांबवून ठेवू नका. केंद्रावर गेलेला एक तास ड्रायव्हर घाटात भरून काढायला बघतो, आणि तो तिथं भरून काढण्यासारखा नसतो.

तुमच्या घरातल्या कुणाला या धंद्यात जायचं असेल तर एवढं सांगा. मालगाडी चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्षाचा जुना हवा. व्यावसायिक परवान्याचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं. पहिली दोन-तीन वर्षं जाणत्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून काढावीत. दुधाची गाडी रिकाम्या मैदानावर शिकून येत नाही.

निघताना आम्ही मामांना विचारलं, गावाकडच्या लोकांना काही सांगायचंय का? त्यांनी थोडा विचार केला.

"एवढंच सांगा, गार दूध द्या. बाकीचं माझ्यावर सोडा."

आज संध्याकाळी डेअरीवर जाल तेव्हा कूलरच्या काट्यावर नजर टाका. चारच्या आसपास असेल तर निर्धास्त घरी या. आठ-नऊ असेल, तर चिठ्ठी खिशात घालून परत फिरू नका. तिथंच उभं राहून विचारा.